लाल पट्टा गेला, आकडा मात्र तिथंच: स्टेंटनंतरचा परफ्यूजन रिपोर्ट वाचताना

वाचकाचं पत्र:

माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या हातातला पेला अचानक खाली पडला आणि बोलायला गेले तर शब्द भलतेच यायला लागले. दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, पृष्ठभागाजवळ, दोन बारीक ताजे डाग दिसले. सीटी अँजिओग्राफीत मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी डावी धमनी, म्हणजे कॅरोटिड, ८० टक्के आणि उजवी ६० टक्के अरुंद निघाली. आठवडाभरात डाव्या बाजूला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसवला. स्टेंटच्या आधी एकदा आणि नंतर तीन महिन्यांनी एकदा, असं दोनदा सीटी परफ्यूजन, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारी तपासणी, झालं. आकडे फाइलमधून उतरवून पाठवते. डावी बाजू, आधी: सीबीएफ ४८, सीबीव्ही ४.८, एमटीटी ६.० सेकंद. नंतर: सीबीएफ ४९, सीबीव्ही ३.७, एमटीटी ४.५. उजवी बाजू दोन्ही वेळा जवळपास सारखीच: ५०, ३.६ आणि ४.३. पहिल्या फिल्मवर डावीकडे लाल पट्टा होता, आता तो नाही.

माझा भाऊ म्हणतो, ‘रक्तप्रवाह ४८ चा ४९ झाला म्हणजे काहीच झालं नाही. आधीपासून नॉर्मलच होता, तर स्टेंट घातला कशाला?’ बाबांचा विसरभोळेपणाही कमी झालेला नाही. शिवाय स्टेंटनंतर तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं डावीकडून प्रचंड दुखलं, बीपी १६८ वर गेलं आणि परत दोन दिवस ॲडमिट राहावं लागलं. आमचं काही चुकलं का? उजव्या बाजूचं काय करायचं? आणि दर सहा महिन्यांनी परफ्यूजन करून घ्यावं का?

– एक मुलगी

उत्तर:

ताई, आकडे उतरवून पाठवलेत ते फार बरं केलंत. ‘रिपोर्ट तितकासा चांगला नाही असं म्हणाले’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. तुमच्या आकड्यांवरून मात्र बरंच कळतं. तुमच्या भावाने आकडा बरोबर वाचलाय, अर्थ उलटा लावलाय. सीबीएफ जागच्या जागी आणि एमटीटी दीड सेकंदाने खाली, ही जोडी स्टेंटनंतरच्या रिपोर्टात दिसली तर डॉक्टर खूश होतात.

कसं ते सांगते. सीबीएफ म्हणजे मेंदूच्या १०० ग्रॅम भागातून दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जातं. निरोगी मेंदूची सरासरी ५० च्या आसपास असते. वरच्या करड्या थरात जास्त, आतल्या पांढऱ्या भागात बरीच कमी. सीबीव्ही म्हणजे त्या १०० ग्रॅम भागातल्या रक्तवाहिन्यांमध्ये एका वेळी किती रक्त मावलेलं आहे. आणि एमटीटी म्हणजे रक्ताला या जाळ्यातून पार व्हायला लागणारा सरासरी वेळ. ही तीन वेगवेगळी मोजमापं नाहीत, एकाच हिशेबाच्या तीन बाजू आहेत. सीबीव्हीला सीबीएफने भागा, ६० ने गुणा, सेकंद मिळतील. बाबांचा पहिला रिपोर्ट घ्या: ४.८ भागिले ४८ म्हणजे ०.१ मिनिट, म्हणजे ६ सेकंद. दुसरा: ३.७ भागिले ४९, साडेचार सेकंद. भावाला कॅल्क्युलेटर घेऊन बसवा, उजव्या बाजूचं उत्तरही जुळतंय का ते त्यालाच बघू द्या.

आता मधला आकडा पाहा, ज्याच्याकडे घरात कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. स्टेंटच्या आधी डावीकडचा सीबीव्ही ४.८ होता आणि उजवीकडे ३.६. म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या एक तृतीयांशाने जास्त रक्त धरून बसल्या होत्या. मानेतून येणारा दाब कमी पडला की मेंदू पहिला उपाय हाच करतो: आतल्या बारीक धमन्या रुंद करतो, अडथळा कमी करतो आणि प्रवाह होता तेवढा टिकवून धरतो. डावीकडचा ४८ हा असा ताणून धरलेला ४८ होता. स्टेंटनंतर दाब परत आला, रुंदावलेल्या वाहिन्या मूळ मापावर आल्या, सीबीव्ही ३.७ झाला आणि प्रवाह ४९ वर राहिला. तोच प्रवाह, पण आता राखीव ताकद हातात ठेवून. बीपी अचानक खाली आलं, अंगातलं पाणी कमी झालं किंवा एखाद्या ऑपरेशनसाठी भूल द्यावी लागली, तर मेंदूला आणखी वाहिन्या रुंद करायला आता वाव आहे. चार महिन्यांपूर्वी तो वाव बराचसा खर्च झालेला होता.

हा वाव पूर्ण संपला की पुढची पायरी येते. प्रवाह खरोखरच घसरतो आणि मेंदू येणाऱ्या रक्तातून नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन ओढून घ्यायला लागतो. प्रवाह २० च्या खाली गेला की पेशी काम थांबवतात, १० च्या खाली त्या लवकर मरतात. बाबा या टप्प्याच्या जवळपासही नव्हते. त्यामुळे ‘सीबीएफ दुप्पट व्हायला हवा होता’ ही अपेक्षाच चुकीची. तसा झाला असता, तर तो काळजीचा रिपोर्ट ठरला असता. त्याकडे येतेच.

लाल पट्ट्याबद्दल एक खुलासा. या चित्रांत लाल म्हणजे वाईट असं नसतं, लाल म्हणजे बहुधा ‘आकडा मोठा’. सीबीएफच्या चित्रात लाल म्हणजे भरपूर रक्त, एमटीटीच्या चित्रात लाल म्हणजे रेंगाळलेलं रक्त. शेजारीशेजारी छापलेल्या दोन चित्रांत एकाच रंगाचे दोन उलटे अर्थ! हे रंग ठरवणाऱ्यांनी नातेवाइकांचा जरासाही विचार केलेला नाही, असं मला दरवेळी वाटतं. तुमच्या फिल्मवरचा पट्टा एमटीटीच्या चित्रातला असणार. तो गेला ते छानच.

मग भावाचा खरा प्रश्न: प्रवाह पुरेसा होता तर स्टेंट कशाला?

बहुतेक घरांत अशी समजूत असते की मानेतली धमनी म्हणजे पाण्याचा नळ. तो तुंबला, मेंदूला पाणी कमी पडलं, म्हणून तो मोकळा केला. या नळाच्या हिशेबाने पाहिलं तर तुमच्या भावाचं म्हणणं बिनतोड आहे. पण कॅरोटिडच्या आजारात होणारे बहुतेक झटके रक्त कमी पडल्यामुळे येत नाहीत. जिथे कॅरोटिडला दोन फाटे फुटतात तिथे चरबीचा थर साचतो, त्याचा पृष्ठभाग फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि तिचा कण सुटून मेंदूत जाऊन अडकतो. बाबांचा हात दहा-पंधरा मिनिटं गेला तो अशाच कणांनी. एमआरआयमधले ते दोन डाग पृष्ठभागाजवळ होते, असं तुम्ही लिहिलंय, आणि तोच इथला मोठा पुरावा आहे. निव्वळ प्रवाह कमी पडून होणारे डाग सहसा दोन धमन्यांच्या हद्दीवर, आतल्या पांढऱ्या भागात, माळेसारखे रांगेत दिसतात. म्हणजे डाव्या बाजूचा थर कण सोडत होता. स्टेंट बसवला तो त्या थराला जाळीखाली दाबून टाकण्यासाठी. प्रवाह सुधारला हा वरचा फायदा.

या दोन गोष्टी अगदीच अलग आहेत असंही नाही. १९९८ साली कॅप्लन आणि हेनेरिसी या मेंदूविकारतज्ज्ञांनी एक कल्पना मांडली, जी आजही पटण्यासारखी आहे: प्रवाह जोमदार असेल तर बारीक कण पुढे वाहून जातात, विरघळतात, प्रवाह मंद असेल तर तेच कण जागेवर अडकून बसतात. म्हणून एमटीटी लांबलेली बाजू आणि कण सोडणारा थर ही जोडगोळी एकेकट्यापेक्षा वाईट. बाबांच्या डाव्या बाजूला दोन्ही होतं.

स्टेंट किंवा ऑपरेशन करायचं की नाही हे ठरलं ते मात्र परफ्यूजनवरून नव्हे. ज्यांना नुकताच झटका येऊन गेलाय आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद आहे, त्यांच्यावर उत्तर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, नॅसेट नावाचा, १९९१ साली तो प्रसिद्ध झाला. फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. थर ऑपरेशनने काढून टाकलेल्यांमध्ये हे प्रमाण ९ टक्के होतं. आजची औषधं तेव्हापेक्षा कितीतरी चांगली आहेत, त्यामुळे आज ती २६ ची संख्या कमी भरेल; पण झटका येऊन गेलेली ८० टक्के अरुंद धमनी तशीच सोडा, असं सहसा कुणी म्हणणार नाही. त्यातही पहिल्या दोन आठवड्यांत हालचाल केली तर फायदा सर्वांत जास्त. तुमच्याकडे ते आठवडाभरात झालं. इथे मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे.

ऑपरेशन की स्टेंट, हा वाद वेगळा. २०१० च्या क्रेस्ट अभ्यासात अडीच हजार रुग्ण होते आणि एकंदर हिशेब बरोबरीत सुटला: स्टेंटच्या वेळी पक्षाघात थोडे जास्त, ऑपरेशनच्या वेळी हृदयविकाराचे झटके थोडे जास्त. वय साधारण सत्तरीच्या पुढे असेल तर ऑपरेशनचं पारडं जड, अलीकडे असेल तर स्टेंट चालतो. ६६ व्या वर्षी दोन्ही मार्ग रास्त होते. भावाला नाराजीच व्यक्त करायची असेल तर ‘दोन्ही पर्याय आम्हाला नीट समजावले का’ हा मुद्दा धरावा, सीबीएफचा नको.

स्टेंटचं मूल्यमापन करताना परफ्यूजन एक गोष्ट दाखवत नाही, तीही सांगून ठेवते. जाळी बसवताना थराचे बारीक कण सुटू शकतात, म्हणून वरच्या बाजूला छत्रीसारखा फिल्टर उघडतात किंवा प्रवाह तात्पुरता थांबवतात. तरीही काही कण निसटतात. २०१० च्याच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात स्टेंटनंतर एमआरआय केला तेव्हा निम्म्या रुग्णांत नवे बारीक डाग दिसले. ऑपरेशननंतर हे प्रमाण १७ टक्के होतं. बहुतेकांना त्यांचा पत्ताही लागत नाही. हे डाग तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान असतात; परफ्यूजनच्या चित्रात ते सापडत नाहीत, त्यासाठी डिफ्यूजन एमआरआयच, म्हणजे ताजे डाग टिपणारा एमआरआयचा प्रकार, लागतो. परफ्यूजन सुरेख सुधारलंय आणि डिफ्यूजनमध्ये चार नवे ठिपके आहेत, असा रुग्ण असू शकतो.

आता ती तिसऱ्या दिवसाची डोकेदुखी. तुमचं काही चुकलं नाही. उलट तुम्ही त्यांना लगेच नेलंत, हे या सगळ्या प्रकरणात घरच्यांनी केलेलं सर्वांत महत्त्वाचं काम.

डाव्या बाजूच्या वाहिन्या महिनोन्‌महिने ताणून रुंद राहिलेल्या होत्या. वर्षानुवर्षं तशा राहिल्या की आकुंचन पावायची त्यांची सवयच मोडते. मग एके दिवशी मानेतला अडथळा निघतो, पूर्ण दाबाचं रक्त त्या सैल वाहिन्यांत घुसतं आणि त्या वेळेवर आवळत नाहीत. प्रवाह आधीच्या दुपटीपेक्षा जास्त झाला तर त्याला हायपरपरफ्यूजन म्हणतात. सुरुवात त्याच बाजूच्या डोकेदुखीने होते, डोळ्यामागे ठणकतं, पाठोपाठ बीपी चढतं. पुढे फिट येऊ शकते, हात-पाय अशक्त होऊ शकतात आणि सर्वांत वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे शंभरात एखाद-दोघांनाच होतं, पण रक्तस्राव झाला तर तो बहुधा जिवावर बेततो, कारण रुग्ण त्या वेळी दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असतो. उपाय एकच, आणि तो साधा आहे: बीपी काटेकोरपणे खाली ठेवणं. स्टेंटनंतर हा धोका पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत जास्त असतो, ऑपरेशननंतर थोडा उशिरा येतो, आणि महिनाभर लक्ष ठेवावं लागतं.

बाबांना खरंच हायपरपरफ्यूजन झालं होतं की नुसती डोकेदुखी होती, हे त्या दिवशी परफ्यूजन केलेलं नसेल तर आता ठरवता येणार नाही. पण स्टेंटच्या आधीचं परफ्यूजन उपयोगी पडतं ते नेमकं इथे. ज्यांचा एमटीटी आधी खूप लांबलेला, राखीव ताकद संपलेली, दुसऱ्या बाजूची कॅरोटिडही बंद, त्यांना हा धोका सर्वांत जास्त. असा रिपोर्ट हातात असला की डॉक्टर आधीच सावध होतात: पहिले काही दिवस बीपी दिवसातून अनेकदा मोजायचं, ते किती वर गेलं की फोन करायचा हे कागदावर लिहून द्यायचं, डोकं दुखलं तर वेदनाशामक घेऊन झोपायचं नाही. माझ्या मते स्टेंटच्या बाबतीत परफ्यूजनची सगळ्यात मोठी किंमत हीच आहे. कोणाला स्टेंट घालायचा हे ती चाचणी फारसं सांगत नाही. घातल्यावर कोणावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, हे ती चांगलं सांगते.

राखीव ताकद जास्त नेमकी मोजायची असेल तर ॲसिटाझोलामाइड देऊन चाचणी करतात. काचबिंदूवर वापरतात तेच हे औषध. साधारण एक ग्रॅम शिरेतून देतात, पंधरा-वीस मिनिटांनी परत प्रवाह मोजतात. निरोगी मेंदूत वाहिन्या रुंदावतात आणि प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. ज्या भागातल्या वाहिन्या आधीच ताणलेल्या आहेत तिथे तो वाढत नाही; कधीकधी उलट कमी होतो, कारण शेजारचा निरोगी भाग रक्त पळवतो. ही चाचणी सीटीवर, एमआरआयवर किंवा स्पेक्ट नावाच्या किरणोत्सारी तपासणीने करता येते. जपानमध्ये स्पेक्टच्या मदतीने ही तपासणी बऱ्याच वर्षांपासून सर्रास होते. बाबांना आता तिची गरज नाही. इतर वाचकांसाठी लिहिलं.

आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, यावर थोडं बोलायला हवं, नाहीतर माझं हे सगळं विवेचन फारच ठाम वाटेल. सीटी परफ्यूजनमध्ये शिरेतून आयोडीनयुक्त डाय झपकन सोडतात आणि मिनिटभर मेंदूचे पुन्हापुन्हा फोटो काढतात. डाय कसा चढतो-उतरतो त्या आलेखावरून कॉम्प्युटर वरचे आकडे काढतो. त्यासाठी त्याला ‘डाय मेंदूत कधी पोचला’ हे एखाद्या धमनीवरून ठरवावं लागतं. मानेतली धमनी अरुंद असलेल्या बाजूला डाय मुळातच उशिरा पोचतो. सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं असेल तर नुसत्या उशिरालाच ते ‘प्रवाह कमी’ समजतं. म्हणून टाइम-टू-पीक किंवा टीमॅक्सचं (डाय पोचायला लागलेला उशीर दाखवणारं) भडक चित्र पाहून घाबरून जाऊ नये. कॅरोटिड अरुंद असली की ते बऱ्याचदा तसंच दिसतं, प्रवाह पुरेसा असला तरी. एकाच रुग्णाची तीच माहिती दोन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधून काढली तर आकडे वेगळे येतात. त्या दिवशीचं बीपी, हिमोग्लोबिन, अगदी श्वास जोरजोरात घेणं, या सगळ्यांनी सीबीएफ हलतो. त्यामुळे ४८ आणि ४९ मध्ये फरक नाही, आणि ४८ चा ४४ झाला असता तरी मी फार मनावर घेतलं नसतं. दोन बाजूंमधला फरक आणि आधी-नंतरच्या फरकाची दिशा, एवढंच भरवशाचं. बाबांच्या डाव्या बाजूचे तिन्ही आकडे उजवीच्या जवळ आलेत. उजवीही ६० टक्के अरुंद आहे हे खरं, पण धमनीचा व्यास साधारण ७० टक्के कमी होईपर्यंत प्रवाहावर सहसा परिणाम होत नाही, म्हणून तुलनेला ती चालून जाते. दोन्ही तपासण्या एकाच मशीनवर, एकाच सॉफ्टवेअरने झाल्या होत्या का, एवढं मात्र विचारून घ्या.

विसरभोळेपणाचं लिहिताना मला जरा जड जातंय, कारण स्टेंट बसवताना ‘मेंदूला रक्त वाढेल, स्मरणशक्ती सुधारेल’ असं बऱ्याच घरांत गृहीत धरलेलं असतं, आणि कुणी ते खोडूनही काढत नाही. यावर पुष्कळ छोटे अभ्यास झालेत. काहींत सुधारणा दिसते, काहींत नाही. ज्यांचा प्रवाह आधी खरोखर घसरलेला होता त्यांच्यात सुधारणेची शक्यता अधिक, असं त्यातून दिसतं. बाबांचा सीबीएफ आधीही ४८ होता. त्यांचा विसरभोळेपणा त्या ८० टक्क्यांमुळे होता, असं मानायला फारसा आधार नाही. म्हणून तो तसाच राहिला यात स्टेंटचं अपयश नाही. पण त्याची कारणं शोधायला हवीत. थायरॉइड आणि बी-१२ तपासा, ऐकू नीट येतं का बघा, झोप आणि मनाची उदासी विचारा, बारीक रक्तवाहिन्यांचा आजार एमआरआयमध्ये कितपत दिसतोय ते वाचून घ्या. हे काम परफ्यूजनवर सोडू नका.

चित्र सुधारलं म्हणजे माणूस सुधारला, हा समज किती महागात पडू शकतो याचं एक उदाहरण देते. कॅरोटिड पूर्ण बंद झालेल्या आणि मेंदू ऑक्सिजनसाठी आसुसलेल्या रुग्णांना पेट स्कॅनने निवडून डोक्याबाहेरची धमनी आतल्या धमनीला जोडायचं ऑपरेशन केलं गेलं. कॉस नावाचा हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर स्कॅन अपेक्षेप्रमाणे सुधारले. पण दोन वर्षांनी पक्षाघाताचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत २१ टक्के आणि औषधंवाल्यांत २२.७ टक्के, म्हणजे फरक नाहीच. कारण ऑपरेशनच्या पहिल्या महिन्यातच त्यांच्यातल्या १४ टक्क्यांहून जास्त लोकांना पक्षाघात झाले होते. रुग्णाची निवड स्कॅनने अचूक केली, प्रवाहही वाढवून दाखवला, आणि तरी हाती काही लागलं नाही.

म्हणूनच उजव्या बाजूबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सध्या हात लावू नका. त्या बाजूचा झटका कधी आलेला नाही, परफ्यूजन तिथे नॉर्मल आहे आणि ती ६० टक्केच अरुंद आहे. झटका न आलेल्या धमन्यांवरचा सर्वांत ताजा मोठा अभ्यास म्हणजे क्रेस्ट-२. २०२५ च्या अखेरीस तो प्रसिद्ध झाला. त्यात औषधांवर ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांना चार वर्षांत पक्षाघात किंवा उपचारांच्या सुरुवातीच्या काळातला मृत्यू यांपैकी काहीतरी झालं, स्टेंट आणि औषधं दोन्ही मिळालेल्यांत २.८ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण त्यात घेतलेले रुग्ण किमान ७० टक्के अरुंद धमनीचे होते आणि स्टेंट घालणारे हात निवडून पारखलेले होते. बाबांची उजवी बाजू त्या चौकटीत बसत नाही. शिवाय हे ६० टक्के कोणत्या पद्धतीने मोजलेत ते विचारा. अमेरिकी पद्धतीत अरुंद जागेची तुलना वरच्या निरोगी धमनीशी करतात, युरोपीय पद्धतीत त्याच जागेच्या मूळ रुंदीशी. युरोपीय हिशेबाने ६० टक्के असलेली धमनी अमेरिकी हिशेबाने ३०-३५ टक्क्यांच्या घरात भरते. फाइलमध्ये एका लॅबचा डॉपलर (धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी), दुसऱ्याची अँजिओग्राफी असली की ‘वर्षात पंचवीस टक्के वाढलं’ असा घोळ होतो आणि घरचे विनाकारण हादरतात.

दर सहा महिन्यांनी परफ्यूजन? नको. स्टेंटची देखरेख डॉपलरने होते: पहिल्या महिन्यात, सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, आणि त्याच वेळी उजवी बाजूही बघून होते. क्रेस्टमध्ये दोन वर्षांत धमनी परत अरुंद होण्याचं प्रमाण ६ टक्के होतं, म्हणजे नजर ठेवावी पण झोप उडवू नये. डॉपलर करणाऱ्यांना स्टेंट आहे हे आधी सांगा; जाळीने धमनी ताठ होते, तिच्यात रक्ताचा वेग नैसर्गिक धमनीपेक्षा जास्त मोजला जातो आणि नेहमीचे निकष लावले तर निरोगी स्टेंटही अरुंद वाटतो. परफ्यूजन पुन्हा करावं ते नवी लक्षणं दिसली तर, डॉपलरमध्ये स्टेंट परत अरुंद झाल्याचा संशय आला तर, किंवा उजव्या बाजूवर कधीकाळी उपचार ठरला तर. प्रत्येक वेळी किरणोत्सर्ग होतो, डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो. मशीनची मांडणी चुकली तर मात्रा किती वाढू शकते हे २००९ साली अमेरिकेत उघड झालं: एका रुग्णालयात दोनशेहून अधिक रुग्णांना परफ्यूजन स्कॅनमध्ये अपेक्षेच्या आठपट किरण मिळाले होते, काहींचे केस गळाले तेव्हा तपास सुरू झाला. त्यानंतर नियम कडक झाले. तरी गरज नसलेला स्कॅन तो नसलेलाच बरा. बाबांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल किंवा ते मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील, तर पुढच्या कुठल्याही डायच्या तपासणीआधी ते आवर्जून सांगा.

उजव्या बाजूचा खरा उपचार गोळ्यांच्या डब्यात आहे: स्टॅटिन भरपूर मात्रेत, बीपी ताब्यात, साखर ताब्यात, तंबाखू कुठल्याही रूपात बंद. तुम्ही बाबांच्या तंबाखूबद्दल काही लिहिलेलं नाही. असेल तर या अख्ख्या पत्रातलं सर्वांत जास्त फायद्याचं वाक्य तेच समजा.

दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही स्टेंटनंतर किमान चार आठवडे लागतात, मग एक थांबवून दुसरी कायम. बाबांना तीन महिने होऊन गेलेत आणि अजून दोन्ही चालू असतील, तर त्याला हृदयाचं वगैरे काही कारण आहे की थांबवायचं राहून गेलंय, हे विचारा. हे राहून जाणं फार सर्रास घडतं. मात्र आपल्या मनाने एकही बंद करू नका, दातांच्या किंवा मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं तरी स्टेंट घालणाऱ्यांना फोन केल्याशिवाय नाही.

आणि हात, बोलणं, चेहरा किंवा एका डोळ्याची नजर पुन्हा कधी दहा मिनिटांसाठी जरी गेली, तरी ‘आता बरे आहेत’ म्हणून घरी थांबू नका. जिथे पक्षाघाताचे उपचार चोवीस तास होतात अशा ठिकाणी थेट न्या. ते शेवटचे ठणठणीत किती वाजता दिसले होते ती वेळ, स्टेंटची बाजू आणि चालू गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा. दारात पहिल्यांदा हेच विचारतात.